सवाई-भिगवण, सप्तक-नळसरोवर की तानसेन-चंबळ? गाणं आणि पक्षी एकाच शनिवार-रविवारी जमवायचे असतील तर

हिवाळा लागला की दोन गोष्टी जोडीनेच सुरू होतात. गावोगावी संगीत महोत्सवांचे मंडप उभे राहतात आणि पाणथळ जागांवर उत्तरेकडचे पक्षी उतरायला लागतात. दोन्हींचा नाद असलेल्या माणसाला मग वाटतंच, की एकाच शनिवार-रविवारात दोन्ही पदरात पडावं. ते पडतं, पण सगळीकडे सारखं नाही.

बहुतेक जण जागा निवडतात ती नावावरून. कोण गाणार आहे आणि जवळपास कुठलं अभयारण्य आहे, एवढं बघितलं की तिकिटं काढून मोकळे. माझं मत असं, की नावं नंतर बघावीत. आधी दोन गोष्टी तपासाव्यात: मैफल किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपते, आणि त्या आठवड्यात तळ्यात पाणी किती आहे. ही दोन उत्तरं जुळली नाहीत, तर थोर गवय्याच्या विलंबित ख्यालात तुमची मान लवंडणार आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तुम्ही रिकाम्या पाण्याकडे बघत बसणार.

पक्ष्यांचं वेळापत्रक सरळ आहे. सूर्योदयानंतरचे दोन तास सोन्याचे, सूर्यास्ताआधीचा दीड तास चांदीचा, मधला वेळ साधारण. मैफलीचं वेळापत्रक नेमकं याच्या उलट्या बाजूने चढतं. ज्येष्ठ कलाकार शेवटी बसतात, त्यामुळे झोपेसाठी लवकर उठून गेलात तर ज्यांच्यासाठी आलात तेच हुकतात. तेव्हा जागा निवडताना खरी तुलना करायची ती या दोन वेळापत्रकांच्या मधल्या फटीची. काही ठिकाणी ती फट माणसाच्या सोयीची आहे, काही ठिकाणी नाही.

पुणे: सवाई आणि भिगवण

महाराष्ट्रातल्या कुणालाही पहिली हीच जोडी सुचते. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि १९५३ पासून भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यावर त्यांचंही नाव उत्सवाला जोडलं गेलं. रमणबागेतला सवाई आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. डिसेंबरच्या मध्याला, साधारण बुधवार ते रविवार. तिकीट संपूर्ण महोत्सवाचं काढता येतं किंवा एकेका दिवसाचं, आणि खुर्चीचं किंवा भारतीय बैठकीचं.

पूर्वी सवाई पहाटेपर्यंत चालायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. सरकार वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी बारापर्यंत सवलत देतं, आणि ती मिळाली तर शनिवारची रात्र लांबते. रात्र आखडली म्हणून उत्सव दुपारीच सुरू करायची पद्धत पडली, रविवारी तर आणखी लवकर. याचा एक फायदा झाला, त्याची फारशी चर्चा होत नाही. भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती या दुपारच्या रागांना इथे त्यांची खरी वेळ मिळते. एरवी संध्याकाळी साडेसहाला सुरू होणाऱ्या कार्यक्रमांत यमन, पूरिया धनाश्री, मारू बिहाग यांचीच गर्दी असते. बाहेर उतरतं ऊन असताना मांडवात मुलतानीचा कोमल गंधार लागतो, तो अनुभव दुसऱ्या कुठल्या मोठ्या उत्सवात सहज मिळत नाही. रागसमयाची ओढ असलेल्यांनी एवढ्या एका कारणासाठी सवाईला दुपारपासून बसावं.

पण पक्ष्यांच्या बाजूने बघितलं तर दुपारी सुरू होणारी मैफल म्हणजे संध्याकाळचा दीड तास गेला. उरते फक्त सकाळ, आणि भिगवण पुण्याहून १०० किलोमीटरच्या आसपास आहे. डिसेंबरच्या मध्याला पुण्यात सातच्या सुमारास उजाडतं. तेव्हा होडीत असायचं तर पावणेपाचला घर सोडायला हवं. आदल्या रात्री दहाला कार्यक्रम संपून, गर्दीतून गाडी काढून, घरी पोचून आडवं व्हायला अकरा-साडेअकरा होतात. एखाद्या दिवशी शरीर हे सहन करतं. पण मग त्याच दिवशी दुपारी पुन्हा मांडवात जाऊन बसायचं, म्हणजे ऐकणं नावापुरतं.

त्याहून मोठी अडचण पाण्याची आहे. भिगवणचं पाणी म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा, यशवंतसागर. पावसाळ्याच्या शेवटी धरण भरतं आणि चांगल्या पावसाच्या वर्षी डिसेंबरातही काठोकाठ असतं. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून गाळातून खाणं गाळून घेतात. पाणी खोल असेल तर त्यांना तिथे करण्यासारखं काही नसतं. सिंचनासाठी पाणी सुटतं, पातळी उतरते, कुंभारगावच्या बाजूला गाळाचे पट्टे उघडे पडतात, तेव्हा रोहितांचे थवे स्थिरावतात. हे बहुतेक जानेवारीत आणि त्यानंतर घडतं. सवाईच्या आठवड्यात भिगवणला रोहित हमखास दिसतील असं सांगणाऱ्यावर विसंबू नका.

बाकीचं भिगवण मात्र डिसेंबरातही जागं असतं. चित्रबलाक, राखी बगळे, मोर शराटी, नदी सुरय, होडीभोवती घिरट्या घालणारे कुरव, खांबावर मासा सोलत बसलेला ऑस्प्रे नावाचा शिकारी पक्षी, थापट्या आणि तलवार बदकांचे थवे. पट्टकादंब तोवर यायला लागलेले असतात. मंगोलिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येणारे हे हंस सकाळच्या उन्हात काठावर चरताना बघितले, की फक्त रोहितांसाठी येणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

सवाई आणि भिगवण एकत्र करायचेच असतील तर क्रम असा ठेवा. शुक्रवारचं गाणं सोडा आणि संध्याकाळी भिगवण-कुंभारगाव भागात मुक्कामाला जा. भिगवणला रेल्वे स्टेशन आहे, पुणे-सोलापूर मार्गावर. शनिवारी उजाडता होडी, अकराला परत निघून दोनपर्यंत पुणे, तासभर झोप, मग मांडव. रविवारी पहाटे गजर लावू नका. फारच राहवलं नाही तर सोलापूर रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर मुळा-मुठेच्या काठी कवडी पाट आहे. आठला पोचलात तरी चक्रवाक, शेकाट्या, धोबी भेटतात. नदीची अवस्था बघून पोटात कालवतं, हेही सांगून ठेवतो. त्या पाण्यावर इतके पक्षी तग धरून आहेत, याने आनंद आणि शरम दोन्ही वाटतात.

पाण्याच्या पातळीवर अवलंबूनच राहायचं नसेल तर माळरानं आहेत. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी. चिंकारा, चंडोल, धाविक, आणि हिवाळ्यात गवतावरून खालून खालून उडणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी. वनखात्याची गवताळ सफारीही आता या भागात आहे. सवाईच्या आठवड्यात भिगवणपेक्षा हे माळ अधिक खात्रीचे, असं माझं मत आहे.

आणि रोहितच बघायचे असतील तर महिना बदला, गाव नको. पुण्यात जानेवारीत वसंतराव देशपांड्यांच्या स्मरणार्थ वसंतोत्सव होतो. त्याचे कार्यक्रम संध्याकाळचे असतात आणि त्या सुमाराला उजनीचं पाणी उतरणीला लागलेलं असतं. सवाईएवढा पसारा तिथे नाही. पण सकाळी भिगवण आणि रात्री गाणं हे गणित डिसेंबरापेक्षा जानेवारीत कितीतरी सुखाने सुटतं. पुणेकरांनी या पर्यायाचा विचार आधी करावा, असं मी आग्रहाने सांगेन.

अहमदाबाद: सप्तक, नळसरोवर आणि थोळ

सप्तकची एक गोष्ट मला फार आवडते. तारखा शोधाव्या लागत नाहीत. दर वर्षी १ ते १३ जानेवारी. तबलावादक नंदन मेहता आणि सतारवादक मंजू मेहता यांनी हा उत्सव उभा केला आणि १९८० साली रविशंकरांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली. तेरा रात्री म्हटल्यावर बहुतेक वर्षी दोन शनिवार-रविवार त्यात येतात. म्हणजे रजा, रेल्वेचं आरक्षण आणि कलाकारांची यादी यांचा मेळ घालायला वाव राहतो. सवाईत चुकलात की वर्ष गेलं. इथे तसं होत नाही.

नंदन मेहता बनारस घराण्याचे, किशन महाराजांचे शिष्य. त्यामुळे असेल कदाचित, पण तबल्याला आणि एकूण वाद्यसंगीताला सप्तकमध्ये मोठा मान आहे. तबल्याची एकल वादनं, जुगलबंद्या, सतार, सरोद, संतूर यांना इथे जाणकार श्रोता भेटतो. सवाईचा कणा गायकीचा. वाद्यसंगीत तिथेही तोलामोलाचं होतं, पण मांडवाचं काळीज ख्यालात असतं. तुमचा कान कुठल्या बाजूला झुकतो, त्यावरही निवड ठरेल.

आता मुख्य मुद्दा वेळेचा. सप्तक रात्रीचा आहे. जेवणवेळेच्या सुमारास सुरू होतो आणि उशिरापर्यंत चालतो. म्हणजे संध्याकाळचा तो चांदीचा दीड तास तुमच्या हातात राहतो. नळसरोवर शहरापासून ६०-६५ किलोमीटरवर आहे. दुपारी जेवून निघालात, तीनच्या सुमाराला होडीत बसलात, उन्हं कलेपर्यंत पाण्यावर राहिलात, तरी परत येऊन अंघोळ करून गाण्याला वेळेवर पोचता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सावकाश उठा. झोप शाबूत, गाणं पूर्ण, पक्षीही झाले. मी ज्या फटीबद्दल वर बोललो, ती इतकी ऐसपैस मला दुसऱ्या कुठल्या मोठ्या उत्सवात दिसत नाही.

पाण्याचं गणितही इथे जुळतं. नळसरोवर १२० चौरस किलोमीटरचं, पण कुठेही फार खोल नाही. भरलं तरी सर्वांत खोल जागी तीन मीटरच्या आतच. मध्ये साडेतीनशेच्या वर लहान-मोठी बेटं. १९६९ पासून पक्षी अभयारण्य आणि २०१२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तळं मुळातच उथळ असल्यामुळे रोहितांना धरण उतरायची वाट बघावी लागत नाही, आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा म्हणजे इथला ऐन भर. रोहित, गुलाबी झोळीवाले, वारकऱ्यांचे, म्हणजे कूट या पाणपक्ष्यांचे, काळे थवेच्या थवे, जांभळ्या पाणकोंबड्या, लव्हाळ्यात दडलेले कमळपक्षी. आसपासच्या शेतांवर क्रौंच आणि कांड्या करकोचे उतरतात. संध्याकाळी त्यांच्या रांगा तुतारीसारखा आवाज करत रात्रीच्या मुक्कामाला परततात, तेव्हा दुर्बीण खाली ठेवून नुसतं ऐकावं. होड्या पढार समाजाची माणसं लांब बांबूने रेटतात. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे ऐकू येतं.

सकाळ वापरायचीच असेल तर त्यासाठी थोळ आहे. शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर. गायकवाडांच्या काळात, १९१२ साली, शेतीसाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत आला. जानेवारीत अहमदाबादला सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो. डिसेंबरच्या पुण्यापेक्षाही उशिरा, त्यामुळे सहाला उठलात तरी चालतं. थोळला सारस दिसतात. महाराष्ट्रात सारस बघायचा म्हणजे गोंदियाकडचा रस्ता धरावा लागतो, तिथेही त्यांची संख्या फार थोडी उरली आहे. माणसाच्या उंचीची ती जोडी गव्हाच्या शेतातून शांतपणे चालत येताना पाहणं, केवळ एवढ्यासाठी अहमदाबाद गाठलं तरी पैसे वसूल.

सप्तकच्या दोन अडचणी आहेत. एक, तो प्रवेशिकांवर चालतो. ऐन वेळी दारात उभं राहून आत जाता येईल असं धरून चालू नका. डिसेंबरातच चौकशी करून प्रवेशिकेची सोय पक्की करा, आणि ती होत नसेल तर बेत रद्द करा. दुसरी अडचण पतंगांची. १४ जानेवारीच्या उत्तरायणाआधीच आकाशात पतंग चढायला लागतात आणि मांजाने पक्षी जखमी होतात. शहरात तात्पुरती उपचार केंद्रं उघडतात, स्वयंसेवक दिवसरात्र राबतात, तरी व्हायचं ते होतंच. दोन आठवड्यांतून एक निवडायचा असेल तर मी पहिला निवडेन. दुसऱ्यात जाणार असाल तर त्या केंद्रांना मदत करूनच परत या.

मुंबईहून दिवसाच्या वेगवान गाडीने सहा तासांच्या आसपास लागतात, म्हणजे शुक्रवारी दुपारी निघून रविवारी रात्री परत येणं शक्य आहे. पुण्याहून रात्रीचा प्रवास धरा आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं ओझं डोक्यावर घेऊ नका.

ग्वाल्हेर: तानसेन समारोह आणि चंबळ

इथे मला थोडं कठोर व्हावं लागतं, कारण मन ओढ घेतं आणि वेळापत्रक मोडतं. ख्यालगायकीवर प्रेम असलेल्या मराठी माणसाचं ग्वाल्हेरशी नातं जुनं आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तिथली गायकी आपल्याकडे आणली, त्यांच्या शिष्यशाखेतून विष्णु दिगंबर पलुस्कर आले, आणि पुढे अर्धा महाराष्ट्र त्या वाटेने गायला. १९२४ पासून चालत आलेला तानसेन समारोह डिसेंबरात तानसेनच्या समाधीपाशी, सूफी संत मोहम्मद घौसच्या भव्य मकबऱ्याच्या आवारात होतो. सुरुवात हिंदूंची हरिकथा आणि मुस्लिमांचा मिलाद या दोन्हींनी होते. प्रवेश मोफत. समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो अशी समजूत आहे आणि गाणारे तो श्रद्धेने खातात.

ऐकणाऱ्याच्या दृष्टीने समारोहाचं मोठं देणं म्हणजे सकाळच्या सभा. तोडी, भैरव, जौनपुरी, देसी हे सकाळचे राग आता प्रत्यक्ष मैफलीत किती कमी ऐकायला मिळतात! सवाईने दुपार सांभाळली, सप्तकने रात्र, आणि सकाळ सांभाळणाऱ्या थोड्या जागांत ग्वाल्हेर आहे. पण सकाळ गाण्याला दिली, तर पक्ष्यांना काय उरलं?

चंबळ इथे थोडी समजूतदार आहे. डिसेंबरात या भागात दाट धुकं पडतं. उजाडल्यावर तासभर नदीवर काही दिसत नाही. ऊन तापलं की वाळूच्या पट्ट्यांवर घडियाल आणि कासवं येऊन पहुडतात, चक्रवाक आणि पट्टकादंब काठाने दिसतात. खालची चोच लांब असलेला, पाण्याचा पृष्ठभाग चिरत उडणारा पाणचिरा हे इथलं खरं आकर्षण. तो जगात फारच थोड्या नद्यांवर उरला आहे. म्हणजे इथे पहाटे धावपळ करण्यात अर्थ नाही, अकरा ते तीन हा वेळ चांगला. पण सकाळची सभा पूर्ण ऐकली तर हाच वेळ हातातून जातो. मुरैन्याच्या पुढे नदीपर्यंत जायचं म्हणजे रस्त्याने पन्नास-साठ किलोमीटर, वर होडीचा वेळ. शेवटी एक दिवस पूर्ण नदीला आणि एक दिवस पूर्ण गाण्याला, असंच वाटप करावं लागतं.

त्यात महाराष्ट्रातून रेल्वेने जाणं-येणंच दोन दिवस खातं आणि धुक्यामुळे गाड्या तासन् तास उशिरा धावतात. रात्रीची थंडी उघड्यावर बसणाऱ्याची परीक्षा बघते. शनिवार-रविवारचा बेत म्हणून ग्वाल्हेरचं नाव मी यादीतून काढतो. चार-पाच दिवस हाताशी असतील तर मात्र याच ठिकाणाला पहिला नंबर.

पणजी आणि मुंबई, थोडक्यात

गोव्यात साधारण नोव्हेंबरात सूरश्री केसरबाई केरकर स्मृती संगीत समारोह होतो. केसरबाईंचं भैरवीतलं ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेलं, आणि त्या मूळ गोव्यातल्या केरीच्या. जयपूर-अत्रौली गायकीवर जीव असेल तर इथे जाण्याला भावनिक कारण आहेच. पक्ष्यांसाठी मांडवीतल्या चोडण बेटावरचं सलीम अली अभयारण्य. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलात की खारफुटी सुरू. इथे सूर्यापेक्षा समुद्राचं ऐकावं लागतं. होडी आत जायची तर भरती हवी, आणि चिखलावर चरणारे पक्षी बघायचे तर ओहोटी. अभयारण्य दोन चौरस किलोमीटरचंही नाही, त्यामुळे एक सकाळ पुरते आणि थकवा येत नाही. लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर चारही पर्यायांत हा सगळ्यात सुसह्य: बंदिस्त सभागृह, थोडा प्रवास, छोटं अभयारण्य.

मुंबईकरांनी तर शहर सोडायचीही गरज नाही. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आलं. ऐरोलीच्या केंद्रातून होड्या सुटतात, त्याही भरतीच्या वेळेनुसार. इथे जास्त करून छोटे रोहित, आणि त्यांची खरी गर्दी जानेवारीपासून पुढे. मोसमात बहुतेक शनिवार-रविवारी कुठे ना कुठे चांगली बैठक असतेच. उत्सवाचं वातावरण मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

एक अपेक्षा आधीच दुरुस्त करावी

गाण्याचा कान असलेले लोक पक्ष्यांकडे जाताना मनात पक्ष्यांचं गाणं घेऊन जातात. हिवाळ्यात ते जवळजवळ मिळत नाही. पक्षी गातात ते मुख्यतः विणीच्या काळात, जोडीदारासाठी आणि हद्दीसाठी. उत्तरेकडून आलेल्या पाहुण्यांची वीण तिकडेच होते. इथे ते नुसते बोलतात: थव्याला धरून राहण्याच्या हाका, धोक्याचे इशारे. आपला दयाळ उन्हाळ्याच्या तोंडाशी गळा मोकळा करतो, कोकीळही तेव्हाच. शीळ कस्तूर पावसाळी ओढ्याकाठी शीळ घालतो. तेव्हा मंडपांचा मोसम आणि पक्ष्यांच्या गाण्याचा मोसम एकमेकांना भेटत नाहीत.

हिवाळ्यात मिळतं ते वेगळं: समूहाचा नाद. हजारो वारकरी पाण्यावरून धावत उठतात तेव्हाचा खळखळाट, पट्टकादंबांचा नाकातला पुकारा, रोहितांची सततची गुणगुण. रात्रभर तानपुऱ्याच्या जोडीत बसलेल्या कानाला हे बारकावे जास्त स्पष्ट ऐकू येतात, असा माझा विश्वास आहे. पण एकट्या पक्ष्याची लांब, वळणदार लकेर हवी असेल तर एप्रिल-मेमध्ये सिंहगडच्या पायथ्याच्या दरीत जा आणि गाण्यासाठी घरगुती बैठक शोधा. तो निराळाच बेत झाला.

मग कोणी काय निवडावं

दोन्ही गोष्टींवर सारखं प्रेम आहे आणि फक्त दोन दिवस आहेत, त्याने अहमदाबादला जावं, सप्तकच्या पहिल्या शनिवार-रविवारी. प्रवेशिका मिळत नसेल तर पुण्याचा जानेवारी.

गाणं आधी आणि पक्षी जमले तर, असं ज्याचं आहे त्याने सवाईच निवडावा. शनिवार-रविवार पूर्ण मांडवात बसावं आणि पक्ष्यांसाठी फार तर कवडी पाटची एक सकाळ ठेवावी. भिगवणचा हट्ट धरून दोन्ही अर्धवट करू नये. पक्षी आधी असतील तर फेब्रुवारीत नुसतं भिगवणला जावं, दोन रात्री तिथेच राहावं, गाणं पुढच्या आठवड्यात ऐकावं. पहिल्यांदाच दुर्बीण हातात घेणाऱ्यालाही मी भिगवणच सांगेन. मोठे पक्षी, मोकळं पाणी, आणि मासेमारी करता करता पक्षी ओळखायला शिकलेले नावाडी. त्यांच्यासारखे शिक्षक पुस्तकात नाहीत.

होडीसाठी ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, दुर्बीण पुरे. दहापटीची हलत्या होडीत हातात ठरत नाही. बोजड कॅमेरा असेल तर तो गाण्याला नेऊ नका. फोटोसाठी थवा उडवून द्यायला नावाड्याला कधीही सांगू नका. तो आपणहून तयार झाला तरी नको म्हणा. प्रत्येक उड्डाणात पक्ष्याची खाण्याची वेळ आणि साठवलेली चरबी जाते, आणि त्यांना परतीचा हिमालय ओलांडायचा असतो.

ठरवण्याचा क्रम असा ठेवा: आधी नावाड्याला फोन करून पाणी किती आहे ते विचारा, मग कार्यक्रमाच्या वेळा आणि प्रवेश, त्यानंतर मुक्काम आणि रेल्वे. कलाकारांची यादी महोत्सवाच्या थोडेच दिवस आधी जाहीर होते, तोवर आरक्षण मिळेनासं होतं, म्हणून यादीसाठी थांबू नका. आणि शनिवारी रात्री जागणार असाल, तर रविवारची पहाटेची होडी आधीपासूनच ठरवू नका.